फोनच्या मागची भिंत

परदेशात, शॅनन गावातल्या त्याच्या कारखान्यात थ्रीडी सॉफ्टवेअर आलं आणि शैलेंद्रची पार पंचाईत झाली. भोसरीतल्या पहिल्या नोकरीपासून आजवर त्याचा जन्म सपाट रेघा ओढण्यात गेला होता. समोरून एक, वरून एक, बाजूने एक चित्र काढायचं, दिसत नाही ते तुटक रेघांनी दाखवायचं आणि खुशाल जेवायला जायचं. थ्रीडीत ही सोय नाही. तिथे वस्तू अख्खी उभी करावी लागते, आणि ती मेली माउसच्या एका झटक्यात गर्रकन फिरून आपलं पितळ उघडं पाडते.

"तुला पाठ असलेली एखादी खोली काढ," शिकवणारी ओर्ला म्हणाली. "यू'ल बी ग्रँड." इथे कशालाही ग्रँडच म्हणतात, हे त्याला एव्हाना कळलं होतं.

पाठ असलेली खोली एकच, कोथरूडच्या फ्लॅटमधला हॉल. तिथे त्याची बायको मेधा एकटी राहत होती. याची नोकरी कायम झाली की ती इकडे येणार होती. रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन बसला. मेधाच्या पाठीमागचं कपाट आणि निळा पडदा झकास जमला, कारण व्हिडिओ कॉलवर रोज तेच दिसायचं. मग त्याने मॉडेल फिरवलं आणि तो अडला. समोरची खिडकी केवढी होती? टीव्ही कुठे होता? ज्या घरासाठी इतकी वर्षं एकट्याने खिचडी खाल्ली, त्याची अर्धी बाजू आठवेना. हे घरही विसरलो तर आपल्याकडे उरलं काय?

त्याने लगेच फोन लावला. "मेधा, फोन जरा फिरव ना. समोरची भिंत बघायचीय."

"आत्ता? नको हो, पसारा आहे."

"पसाऱ्याला मी काय परका आहे?"

मग चित्र हललं. भिंतीला खिडकीच नव्हती. दिवाणावर शाळेचं दप्तर होतं आणि वर फळीवर क्रिकेटचे कप. कप गंधारचे होते, मेधाच्या भाच्याचे. हे तिच्या भावाचं चिंचवडचं घर होतं.

"गणपतीनंतर आले इकडे," फोनमागून तिचा आवाज आला. "एकटीला तो फ्लॅट खायला उठायचा. कपाट आणि पडदा तेवढा आणला, तुम्हाला नेहमीसारखं दिसावं म्हणून."

"मला सांगायचं नाही होय?"

"तुम्ही तिकडे त्या कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात मजेत. त्यात माझं रडगाणं कशाला?"

शैलेंद्रला राग आला. हिने आपल्याला चक्क फसवलं! मग त्याने मान वर करून स्वतःच्या फोनच्या मागे पाहिलं. जवळच्या लिमरिकला शिकणारी मराठी पोरं आपल्याबरोबर राहतात, असं तो तिला सांगत आला होता. पोरं शिकून कधीच नोकरीसाठी दूर ॲडम्सटाउनला राहायला गेली होती. मेधाला दिसायची ती त्यांनी भिंतीवर लावलेली दिवाळीतली दिव्यांची माळ. ती त्याने मुद्दाम उतरवली नव्हती.

"थांब," तो म्हणाला, आणि त्याने फोन फिरवला.

एक खुर्ची होती. ओट्यावर एक ताट उपडं घातलेलं होतं. पलीकडे उघड्या दारांतून दोन रिकाम्या खोल्या दिसत होत्या.

"म्हणजे घासायला एकच ताट पडतं," मेधा हसत म्हणायला गेली आणि मध्येच तिला रडू फुटलं.