तीन राखणदार आणि एक चिठ्ठी

विक्रमने आयुष्यात एकच नियम लिहिला, तोही जेवायची वेळ झाली म्हणून.

चिप बनवायची एक भाषा असते. तिच्यात सर्किट शब्दांत लिहायचं, मग सॉफ्टवेअर ते वाचून खरं सर्किट तयार करतं. सॉफ्टवेअर भलतं काटकसरी. एकाच कामावर तिघं दिसले की दोघांना घरी पाठवतं. पाठवू नये म्हणून त्या ओळीला चिठ्ठी चिकटवायची, 'हे काढू नको.' या चिठ्ठ्यांची प्रमाणभाषा ठरवणाऱ्या समितीत विक्रम होता. तिथे प्रश्न निघाला, सॉफ्टवेअरला एखादी चिठ्ठी कळलीच नाही तर?

"तर थांबावं आणि बोंब मारावी," समितीच्या प्रमुख अर्शिया मॅडम म्हणाल्या.

"सारखं थांबलं की लोक चिडतात, मॅडम. मुकाट पुढे जावं," विक्रम म्हणाला.

पावणेदोन वाजले होते. मंजूर. सॉफ्टवेअरवाल्यांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच अमलातही आणलं.

आज पुण्याजवळच्या मांजरी गावात, आबांच्या जुन्या उसाच्या रानावर उभ्या राहिलेल्या अकरा मजली इमारतीत लिफ्टची पूजा होती. लिफ्टची चिप विक्रमची. आबा, म्हणजे विक्रमचे आजोबा हिंदुराव, सोसायटीचे चेअरमन. लिफ्टची चिप नातवाची, हे ते कालपासून भेटेल त्याला सांगत होते. नारळ फुटला. ज्या नव्या सॉफ्टवेअरने ही चिप घडवली, त्याचा अहवाल विक्रमने सहज फोनवर उघडला.

'एकसारखे भाग तीन. ठेवला एक.'

लिफ्टचा वेग बघून ब्रेक लावणारे एकसारखे तीन राखणदार त्याने चिपमध्ये ठेवले होते, कारण तापलं की त्यातला एखादा झोपतो. चिठ्ठी होती, पण जुन्या सॉफ्टवेअरच्या बोलीतली. नव्याला ती कळली नाही आणि ते मुकाट पुढे गेलं. बाहेर एप्रिल होता.

आबा आणि सहा सभासद लिफ्टमध्ये शिरले होते.

"आबा, थांबा. रिडन्डन्सी मर्ज झालीये."

"बरं बरं," आबा म्हणाले आणि त्यांनी अकराचं बटण दाबलं.

"सिंथेसिसने अ‍ॅट्रिब्यूट इग्नोर केलंय."

"हुशार हाय पोरगं," आबांनी शेजारच्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. कुणालाच काही कळलं नव्हतं आणि कुणीच थांबत नव्हतं. आपलं वाक्य इतकं तंतोतंत पाळलेलं विक्रमने पहिल्यांदाच पाहिलं. दार सरकायला लागलं. तो जाऊन उंबऱ्यावर आडवा झाला.

आडवा माणूस सगळ्यांना कळतो.

"काय रं? चक्कर आली?"

"आबा, तीन राखणदार ठेवले होते. दोघांना काढून टाकलंय. उरलेला उन्हात झोपतो."

आबा क्षणात बाहेर आले. त्यांच्यामागे सभासद, विक्रमला ओलांडत, एकेक करून.

"अन् कुणी सांगितलं न्हाई तुला?"

"सांगायचं नाही असा नियम आहे."

"कुण्या गाढवानं केला?"

विक्रमने पडल्यापडल्याच हात वर केला. आबांना उत्तर मिळालं.

"ही चिप आनखी कुठं हाय?"

"खडकीला. एका सोसायटीत. परवा बसवलीये." त्याने तिथल्या वॉचमनला, कचरूला, फोन लावला. या वेळी एकही इंग्रजी शब्द तोंडातून निघू नये म्हणून त्याने आधी वाक्य मनात जुळवलं.

"कचरूभाऊ, लिफ्टची वीज तोडा. आत्ता."

"सेक्रेटरीसाहेब आत आहेत. वर चाललेत."

"तोडा."

"अहो, मध्येच अडकतील. चिडतात ते फार."

"चिडू द्या."

कचरूची पावलं. कुठलंसं लोखंडी झाकण उघडल्याचा आवाज. विक्रमने डोळे मिटले. खटका पडला. मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही फार लांबत गेलं.

मग खूप वरून, भिंतीआडून, कुणीतरी कचरूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागलं.

विक्रमने फोन कानाशी आणखी दाबून धरला. शिव्या संपेपर्यंत तो ऐकत राहिला आणि मग त्याने अर्शिया मॅडमना फोन लावला.