गोमाच्या टाचा

मित्रांनो, मी पनवेलच्या एका इस्पितळातले, वय झालेले सीटी स्कॅन यंत्र आहे. परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. कंटेनरमध्ये बसून मी समुद्र ओलांडला, न्हावा शेवाला उतरले आणि ट्रकने इथे आले. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावले, हार घातला, पेढे वाटले. फार मिरवले मी त्या दिवशी!

माझे काम तसे सोपे. माणूस पलंगावर झोपतो, पलंग सरकत माझ्या गोल पोटात येतो आणि मी त्याच्या आतली चित्रे काढते. पावाचे काप करावेत तशी कापाकापांची चित्रे, पण सुरी न लावता. रिया नावाच्या एका चिमुरडीने मला पाहून विचारले होते, "हा एवढा मोठा मेदूवडा कशाला?" ते नाव मला फार आवडले होते.

मग नवे, वेगवान यंत्र आले आणि माझ्यावर चादर पडली. पुढे मला मागच्या इमारतीत हलवले. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी जिथे मृतदेह तपासतात, त्या खोलीशेजारी. खरे सांगते, मी हिरमुसले. जिथून कुणी बरे होऊन घरी जात नाही, तिथे माझा काय उपयोग?

एके दिवशी तिथे गोमाला आणले. उरणकडचा कोळी. जेटीखाली, खाडीच्या चिखलात तो सापडला होता आणि त्याच्या डोक्याला जखम होती. आदल्या संध्याकाळी धाकट्या भावाशी, सुदामशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले होते. सुदामला होडी सोडून बंदरात नोकरी धरायची होती आणि गोमाला ते पटत नव्हते. भांडून सुदाम एकटाच होडी घेऊन गेला, तो उजाडताना परतला. त्यानेच वल्ह्याने भावाचे डोके फोडले, असे लोक बोलू लागले. पोलिसांनी त्याला चौकीत बसवून ठेवले.

दारात त्यांची आई गुणाबाई आणि गोमाची बायको मैना उभ्या होत्या. गुणाबाईने तिथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर भावना यांचा हात धरला.

"बाय, माजा एक पोर तुमच्या पलंगावर, दुसरा पोलिसांकडं. मी घरा कोनाला नेऊ?"

"मावशी, बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण जे दिसेल ते खरं सांगेन."

मला चालवणाऱ्या प्रणितने विचारले, "मॅडम, डोक्याचाच स्कॅन ना? मार डोक्यालाच आहे."

"नाही, पूर्ण शरीराचा कर. काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही, असंच धरून चालू."

मी जीव ओतून काम केले. वल्ह्याचा फटका बसला की कवटी त्या जागी आत दबते. गोमाची कुठेच दबली नव्हती. वरची जखम नुसती खरचटल्यासारखी होती. खरा तडा कवटीच्या तळाशी होता, कड्यासारखा गोल. कमरेचा एक मणका चेपला होता. आणि टाचा! वरून कातडी धड, जरा सुजलेली, पण आतली हाडे बिस्किटासारखी चुरलेली.

"टाचा कशा काय फुटल्या?" प्रणित पडद्याजवळ सरकला.

"उंचावरून सरळ पायांवर पडला की अशा फुटतात. टाचांचा धक्का कण्यातून कवटीपर्यंत जातो. याला कुणी मारलेलं दिसत नाही रे. हा पडलाय. पण कुठून?"

दाराशी उभी मैना एकदम बोलली, "दिव्याच्या खांबावरनं असंल! जेटीवरचा दिवा बंद पडला व्हता. दिवा बगून येतो, बोलून निगाले. मी सांगत व्हते सगल्यांना, पन कोन ऐकतंय?"

डॉक्टरांनी बाकीची तपासणीही केली. तिच्यातूनही तेच निघाले. पोलीस जेटीवर गेले. दिव्याच्या उंच खांबाला लोखंडी शिडी होती. तिची वरची पायरी गंजून तुटली होती आणि टोकाला गोमाची पिशवी लटकत होती, पक्कड आणि वायरीसकट. खाली काँक्रीटचा चौथरा होता. तिथून भरतीच्या पाण्याने त्याला जेटीखालच्या चिखलात ओढले होते.

सुदामला सोडले. भावाला न्यायला तो थेट इथेच आला. माझ्या पलंगाला धरून तो उभा राहिला.

"आये," तो म्हणाला, "तो माज्यावर रागावला व्हता ना?"

"रागावला व्हता. भाकर पन खाल्ली नाय." गुणाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पन तू अंधारात यायचा व्हतास ना रं, म्हून दिवा बगाया गेला."

तेव्हा कुठे तो रडला. मग आई आपल्या दोन्ही मुलांना घेऊन घरी गेली.

मित्रांनो, आता मला या खोलीचे वाईट वाटत नाही. माझ्या अंगावरची धूळ पुसा, खोली थंड ठेवा, एवढे माझे लाड पुरेत. पण कुणाला गुन्हेगार ठरवण्याआधी थोडे थांबा, आम्हाला नीट बघू द्या. आणि गेलेल्या माणसाला हलक्या हाताने उचला. तोही कुणासाठी तरी घरातून निघालेला असतो.