पाळण्याचा कौल

अनसूयाताईंच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. राहून गेले असे आपले म्हणायचे. चिंतामणरावांनी कितीदा तरी दौत उघडली, 'ती. अनसूयाताईंस सा. नमस्कार' एवढे लिहिले आणि टाक खाली ठेवला. पत्रात न समजण्यासारखे काहीच नव्हते. ताई म्हणजे त्यांच्या पत्नीची, कुंदाची, थोरली बहीण. त्यांनी लिहिले होते, 'कुंदा जाऊन दोन वर्षे होत आली. आता रवीला माझ्याकडे चांदूर बाजारला पाठवा. इथे माझी चार मुले आहेत, घर भरलेले आहे, वेळेवर गरम पोळी ताटात पडते. तुमच्या घरी बोलायला त्याला भिंतींशिवाय कोण आहे?'

शेवटच्या वाक्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण ते खरे होते. चिंतामणराव अकोल्याचे वकील; पण कोर्टात उभे राहिले की त्यांचा शब्द ओठांच्या बाहेर येत नसे, म्हणून ते घरी बसून इतर वकिलांचे दावे लिहून देत. संध्याकाळी बाप एका कोपऱ्यात वाचत बसे, दहा वर्षांचा लेक दुसऱ्या कोपऱ्यात. मधे कंदील. रवीला धाडावे तर घर खायला उठेल, ठेवून घ्यावे तर पोराचा जन्म असाच मुक्याने जाईल. हो म्हणवत नव्हते आणि नाहीही म्हणवत नव्हते. मुलाने काही विचारले की ते 'बघू' म्हणत. पत्रालाही ते मनातल्या मनात तेच म्हणत होते.

नाताळच्या सुटीत शाळेच्या स्काउट पथकाचा एका रात्रीचा तळ ठरला, अकोटच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी. पथकाचे मास्तर उत्तमराव यांना सोबतीला एक पालक हवा होता. कपाशीची वेचणी चाललेली, कुणाला सवड नव्हती. रवीने वडिलांकडे नुसते पाहिले. चिंतामणरावांनी 'बघू' म्हणायला तोंड उघडले आणि 'येतो' म्हणून बसले.

तळाच्या जागी, नदीकाठी पोचल्यावर पाहतात तो शेजारच्या गावात चिटपाखरू नाही. सगळे गाव पलीकडच्या मोकळ्या पडीक जमिनीवर लोटलेले. तिथे घराच्या दुप्पट उंचीच्या दोन सागाच्या बल्ल्या रोवून वर एक आडवे लाकूड बांधले होते. त्या लाकडापासून अंबाडीचा एक लांबच लांब दोर खाली आला होता आणि त्याला एक लाकडी पाळणा टांगला होता. पाळण्यात शेंदूर फासलेला जड धोंडा. पाळण्याचे बूड खालच्या फरशीला जेमतेम टेकलेले.

"काय होऊन राहिलं इथं?" उत्तमरावांनी एका म्हातारीला विचारले.

"पाळणेवाले महाराज हायेत, बाप्पा! मेलेल्या मानसाले इचारून देतात. मानूस 'हाव' म्हनलं, का वरून दोर ओढते. पाळना उचलते!"

महाराज घोंगडीवर बसले होते. दाढी पांढरी, भुवया काळ्याभोर. "स्वर्ग किती दूर? सात अरब कोस!" ते गरजले. "तिथून आत्मा पैदल येतो. थकत नसंल तो? म्हणून एका दिवसाले एकच कौल! दुसरा मागसान तर आत्मा रस्त्यातच बसून जाईल, मंग त्याले कोन उठवन? तुमचा पटवारी?"

"सात अरब कोस मोजाले साखळी कोनाची नेली होती?" उत्तमराव पुटपुटले. जवळच्या पोरांनी हसू दाबले.

त्या दिवशी पाळी मैनाबाईची होती. तिचा नवरा पुंजाराम आदल्या पावसाळ्यात गेलेला. तिच्या नावावर आलेले शेत दीर वामनराव याच्या नावावर करून द्यावे की नाही, हे नवऱ्याला विचारायचे होते. महाराजांचा मुक्काम वामनरावाच्याच मळ्यात होता, पण हे कुणाच्या डोक्यात येत नव्हते. येत असेल तर ओठांवर येत नव्हते.

महाराजांचा चेला शिडीवरून वर चढला आणि त्याने तांब्या तांब्याने पाणी दोरावर सोडायला सुरुवात केली. पाणी दोरावरून निथळत खाली आले. टाळ वाजू लागले. भजनाची तीन-चार कडवी झाली असतील नसतील, कुणीतरी ओरडले, "उचलला! उचलला!"

खरेच. पाळणा आणि फरशी यांच्यामधून चांगली चार बोटे उजेड दिसत होता. बायका रडायला लागल्या. मैनाबाईने पदर पसरून आभाळाकडे पाहिले. वामनराव डोळे पुसत म्हणाला, "भावानं सांगतलं. उद्या अकोटले जाऊ, वयनी. अंगठा देऊन टाका."

चिंतामणरावांना काहीच कळले नाही. एवढी पुस्तके वाचलेला माणूस, पण त्या चार बोटांच्या उजेडाकडे पाहताना त्यांच्या अंगावर काटा आला. आणि ओशाळवाणी गोष्ट ही, की त्यांच्या मनात आले: उद्या आपणही विचारावे. कुंदाने सांगावे. आपल्यावरचे ओझे उतरेल.

तंबूकडे परतताना रवी म्हणाला, "अण्णा, मावशीचं पत्र मी वाचलंय."

चिंतामणराव चालायचे थांबले.

"उद्या आपण आईला विचारू या? मी मावशीकडे जाऊ, की तुमच्याजवळ राहू?"

"बघू," चिंतामणराव म्हणाले, आणि स्वतःवरच चिडले.

संध्याकाळी शेकोटी झाली, गाणी झाली. झोपायला जाताना उत्तमराव एकेका तंबूपाशी ओरडत फिरले, "तणावे ढिले करून झोपा रे पोट्टेहो! दव पडलं का दोर आखडते, खुंटी उपटून येते. मंग तंबू डोक्यावर पडला तर मले हाका मारू नोका!" चिंतामणरावांनी 'हो' म्हटले आणि विसरून गेले. एका घोंगडीखाली बाप आणि लेक पाठीला पाठ लावून निजले. दोघेही जागे आहेत हे दोघांनाही कळत होते.

पहाटे त्यांना जाग आली ती तंबूचे कापड तोंडावर पडल्यामुळे. चाचपडत बाहेर आले. एक खुंटी जमिनीतून उपटून आली होती. तणाव्याला हात लावला तर तो चिंब ओला आणि काठीसारखा ताठ.

तेवढ्यात रवी पडीक जमिनीकडून धावत आला. पाय गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेले, डोळे मोठे झालेले. "अण्णा, चला! आईनं दोर ओढलाय! मी रात्री मनातल्या मनात तिला विचारलं होतं, अण्णांजवळ राहू का म्हणून. पाळणा वर आहे, अण्णा! तिथे कुणीसुद्धा नाही, आणि पाळणा वर आहे!"

खरोखरच पाळणा अधांतरी होता. चेला रोज संध्याकाळी तो उतरवून ठेवी. काल वामनरावाकडे पुरणपोळीचा बेत होता, त्या नादात विसरला. चिंतामणराव उभे राहिले. क्षणभर त्यांना फार आनंद झाला. कुंदा म्हणाली, पोर तुमच्याजवळ राहू द्या. मग आपण सरळ तसे पत्र लिहावे. ताईसुद्धा काय बोलतील?

मग त्यांनी सहज दोराला हात लावला. चिंब ओला. काठीसारखा ताठ.

बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मुलगा त्यांच्याकडे पाहून हसत होता. गेल्या दोन वर्षांत तो असा हसला नव्हता. गप्प बसले तर कुणाचे काय बिघडणार होते?

पण आज दवाने 'राहा' म्हटले. उद्या कुणी भामटा तांब्याभर पाणी ओतून 'जा' म्हणेल. पोराच्या आईचा दोर मग ज्याच्या हातात तांब्या, त्याचा होईल.

लोक जमायला लागले होते. महाराज झोपेतून उठून धावत आले. पाळणा पाहून आधी दचकले, मग हात उंच करून ओरडले, "पुंजाराम दुसऱ्यांदा आला! बाईची शंका फेडायले रातोरात आला!"

"पुंजाराम नव्हता," रवी म्हणाला. "माझी आई होती."

"चूप रे पोट्ट्या!" वामनराव म्हणाला. "माहा भाऊ होता!"

"काल तर म्हनले, दिवसाले एकच येते," उत्तमराव पुढे झाले. "आता दोघंबी आले? का एकाच दोराले दोघं लोंबकळले?"

हशा पिकला. त्या हशातच चिंतामणराव काहीतरी बोलले. कुणालाच ऐकू आले नाही. उत्तमरावांनी कचकचीत शिट्टी फुंकली. "वकीलसाहेब बोलून राहिले! ऐका!"

एवढी माणसे आपल्याकडे पाहताहेत हे दिसताच चिंतामणराव एक पाऊल मागे सरले. समोर रवी होता. ते त्याच्याकडे पाहूनच बोलले, "कुणीही आलं नव्हतं. ना पुंजाराम, ना... ना याची आई. रात्री दव पडलं. दोर भिजला आणि आखडला. तेवढंच झालंय."

रवीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळलेले त्यांना दिसले. त्यांनी मान खाली घातली नाही.

"पापी!" महाराज गरजले. "आत्मा कोपंल!"

"कोपू द्या," उत्तमराव म्हणाले. त्यांनी तंबूतल्या पोत्यातला कोरडा दोर मागवला, एका चपळ स्काउटला शिडीवरून वर चढवले आणि पाळण्याशेजारीच धोंड्यांनी भरलेली बादली टांगली. बादलीचे बूड जमिनीला जेमतेम टेकवले. मग हात जोडून, आवाज महाराजांसारखा करून ते म्हणाले, "माह्या मेलेल्या ढवळ्या बैला! सात अरब कोसावरून ये, अन् सांग, आज पोट्ट्याहिले वांग्याची भाजी करू का नाई?"

वरून पोराने दोरावर पाणी सोडले. टाळ नव्हते, म्हणून पथकाने शेकोटीचे गाणे म्हटले. लोक आधी हसत होते, मग हळूहळू गप्प झाले. बादलीखालून उजेड दिसू लागला.

"ढवळ्या 'हाव' म्हनते!" एक पोरगा किंचाळला.

मैनाबाई पुढे आली. ती हसली नव्हती. तिने बादलीखालून हात घालून पाहिला. "मंग परवा जमुनाले 'नाई' कसं आलं? तवाबी तर पानी वतलं होतं."

"कुठे ओतलं होतं, बाई?" चिंतामणरावांनी विचारले.

ती आठवू लागली. "पाळन्यात. खाली, धोंड्यावर."

"आणि काल तुमच्या वेळी?"

"दोरावर." ती थांबली. "वरून. दोरावर."

चिंतामणराव आता तिच्याशी बोलत होते, त्यामुळे आवाज आपोआप बाहेर आला. "अंबाडीचा धागा पाणी पितो, बाई. फुगतो. पिळाचा दोर फुगून जाड झाला की लांबीला कमी भरतो, आणि टांगलेली वस्तू वर उचलतो. वाळला की पुन्हा उतरतो. हो म्हणायचं असलं की पाणी दोरावर, नाही म्हणायचं असलं की धोंड्यावर. मेलेल्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून तर त्याच्या नावानं कुणीही बोलून जातो. शेत तुमचं आहे. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण ठरवायचं ते आपल्या डोक्यानं, दोराच्या नव्हे."

मैनाबाई दिराकडे वळली. "भाऊजी, मी नाई येत अकोटले."

वामनराव काय काय बोलला. ते इथे लिहिण्यासारखे नाही. चेल्याने दोर सोडायला घेतला होता. "राहू दे तो," मैनाबाई म्हणाली. "वाळू दे. साऱ्याहिले पाहू दे."

ऊन वर चढले. लोक हलले नाहीत. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी काही विचारले नाही. दोर वाळत गेला आणि पाळणा मुकाट्याने खाली येऊन फरशीला टेकला. महाराजांची घोंगडी तोवर रिकामी झाली होती.

रवी नदीकाठी एकटा बसला होता. चिंतामणराव त्याच्याजवळ जाऊन बसले.

"म्हणजे आईनं नव्हता ओढला."

"नाही."

"मग ती काहीच म्हणाली नाही?"

"नाही रे. आता ती काही म्हणू शकत नाही." हे वाक्य त्यांनी दोन वर्षांत प्रथमच मोठ्याने म्हटले होते. पाण्यावर एक खंड्या बसला, उडाला.

"मग कोण सांगणार?" रवीने विचारले.

'बघू' हा शब्द ओठांवर आला होता. चिंतामणरावांनी तो गिळला. "मी सांगतो. तू माझ्याजवळ राहावंस असं मला वाटतं. मला तू हवा आहेस. पण तुला काय वाटतं तेही सांग. मावशीकडे मुलं आहेत, खेळायला मिळेल. राग नाही येणार मला."

रवीने हातातला खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "तुम्ही जेवताना बोलत नाही, अण्णा."

"काय बोलावं ते मला कळत नाही."

"काहीपण बोला. दोराचं बोललात तसं."

"राहशील?"

रवीने मान डोलावली, पण वडिलांकडे पाहिले नाही. आईने दोर ओढलेला त्याला अजून हवा होता. चिंतामणरावांना ते समजत होते, आणि त्यावर त्यांच्याजवळ औषध नव्हते. खोटे औषध मात्र त्यांनी दिले नव्हते.

माणूस गेला की घरात एक रिकामी जागा राहते, आणि त्या जागेत कुणी तरी बोलावे म्हणून आपण कान लावून बसतो. भोंदूला तेवढेच पुरते. त्याला मंत्र येत नसतात; त्याला आपले एकटेपण ओळखता येते. तेव्हा अशा वेळी दोर कसला आहे, पाणी कुठे पडले, भले कुणाचे झाले, एवढे तरी विचारावे. दुःख त्याने कमी होत नाही, पण ते दुसऱ्याच्या हाती लागत नाही.

दुपारी अकोटच्या मोटार स्टँडवर एस.टी.ला अवकाश होता. चिंतामणरावांनी पोस्टकार्ड विकत घेतले आणि बाकावर बसून लिहिले, 'ती. अनसूयाताईंस सा. नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला. रवी माझ्याजवळच राहील. हे मी ठरवले आहे आणि त्याला विचारले आहे. घरात बोलणे कमी आहे हे तुमचे खरे. ते मला शिकावे लागेल. उन्हाळ्यात त्याला तुमच्याकडे घेऊन येतो. मीही राहीन.'

त्यांनी ते रवीला वाचायला दिले. त्याने वाचले, 'मीही राहीन' या शब्दांवर थोडा थांबला, आणि कार्ड स्वतःच नेऊन पेटीत टाकले.