अबरारभाईंचा डीव्हीडी रायटर

मित्रांनो, बारामतीतल्या एका फोटो स्टुडिओत, कपाटाच्या तळच्या खणात राहणारा मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. कोऱ्या डिस्कवर लग्नं उतरवणं हा माझा धंदा. तुम्ही आता लग्न पेनड्राइव्हवर नेता, म्हणून मला ओळखत नाही, एवढंच.

माझी निवड मात्र थाटात झाली होती. त्याआधी स्टुडिओचे मालक अबरारभाई घाईघाईनं दुसरा रायटर आणून फसले होते. त्यांचं सॉफ्टवेअर व्हिडिओचे हळद, अक्षता, वरात असे छान भाग पाडायचं. पण डिस्क लिहायची वेळ आली की त्या रायटरला ओळखच दाखवेना. मग मला घेताना त्यांनी माझी सगळी कुळी विचारली, सॉफ्टवेअरशी जमेल ना याची खात्री केली. दुकानदार वैतागला.

"सोयरीक जुळवताय का काय, भाई?"

"व्हय तर! दोघांना एकत्र नांदायचंय."

आणि आम्ही नांदलो. निरवांगीपासून कन्हेरीपर्यंत किती घरांत मी लिहिलेली लग्नं पाहिली गेली! मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? पुढं पेनड्राइव्ह आले आणि मी खणात गेलो. माझ्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही, नुसतं विसरले.

परवा कळसच्या दगडाबाई मुलाला, ऋषिराजला, घेऊन आल्या. लेकीच्या लग्नाची डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली. उन्हानं तिची पार रया गेली होती, भोकात सुतळी तशीच होती. ऋषिराजनं ती ज्वारीत पाखरं हुसकायला टांगली होती.

"मला वाटलं, आता कोण बघतंय?" तो खाली बघत म्हणाला.

"ह्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाय रं," दगडाबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान कुंडलिकराव गेल्या साली वारले होते.

सुदैवानं अबरारभाईंनी मूळ व्हिडिओ जपला होता. "मावशी, मोबाईलवर देतो की."

"मला मोबाईल जमत न्हाय, बाबा. डिस्क घालून टीव्ही लावायचा, तेवढं येतं. दर येळी पोराला कुठं हाक मारू?"

डिस्कवर नुसती फाईल घातली तर दगडाबाईंचा जुना प्लेअर ती दाखवणार नव्हता. रीतसर डीव्हीडीच हवी होती. शेजारून नवा चपटा रायटर आणला, तर सॉफ्टवेअर त्याच्याकडे ढुंकून बघेना. तेव्हा अबरारभाईंना माझी आठवण झाली.

पहिली डिस्क मी अर्ध्यातच नासवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अबरारभाईंनी माझ्या भिंगावरची धूळ फुंकणीनं झाडली, लिहिण्याचा वेग कमी केला. मग मी जीव ओतून लिहिलं.

डिस्क तपासायला लावली. पडद्यावर फेटा बांधलेले कुंडलिकराव बुंदीची बादली घेऊन पंगतीत ओरडत होते, "पावणं, लाजू नका! घ्या अजून!"

खुर्चीतल्या दगडाबाईंनी चटकन डोक्यावरचा पदर सारखा केला.

तपासणी कधीच झाली होती, पण डिस्क बाहेर काढायला कुणाचा हात उठेना. म्हणून सांगतो, मित्रांनो, घरातली जुनी वस्तू काढून टाकण्याआधी तिथल्या थोरल्या माणसाला एकदा विचारा. तिच्यात कोण राहतं, ते त्यांनाच ठाऊक असतं.