पुस्तिकेतलं पान अडतीस

परदेशातून बदली होऊन आलेल्या माणसांचं बस्तान बसवून द्यायचं, हे तिचं काम. कंपनीच्या कागदांवर तिच्या हुद्द्याचं नाव दीड ओळीचं होतं, पण ऑफिसात सगळे तिला वाटाडी म्हणत. अकरा वर्षांत ते नाव इतकं चिकटलं, की घरी नवराही फोनवर विचारायचा, "काय वाटाडी, आज कुणाची मिरवणूक?"

आलेलं कुटुंब आठवडाभर तिच्या ताब्यात असायचं. फ्लॅट, गॅस, सिमकार्ड हे दोन दिवसांत उरकायचं. खरं काम त्यापुढचं. कुणाला आपल्या देशातलं चीज हवं, कुणाला कुत्र्याचा डॉक्टर, कुणाला पियानो शिकवणारा माणूस, कुणाला नुसतं हिरवळीवर पाय पसरून बसायला जागा. कुठल्या मॉलच्या तळघरात कुठल्या फळीवर काय मिळतं, कुठल्या क्लबात पोहायला आधी डॉक्टरचा दाखला लागतो, हे सगळं तिच्या जिभेवर. मात्र यातलं एकही चीज तिच्या घरात कधी आलं नव्हतं आणि त्या क्लबांच्या पाण्यात तिचा पायाचा अंगठाही भिजला नव्हता. त्याचं तिला काही वाटायचं नाही. काम ते काम.

उंच बाई आली चार वर्षांपूर्वी. नवरा पूल बांधणारा इंजिनिअर, सोबत तीन वर्षांची मुलगी. बाई एवढी उंच की लिफ्टमध्ये शिरताना सवयीने मान झुकवायची. तिच्या मापाचे बूट शोधायला दोघींनी बारा दुकानं पालथी घातली. बाराव्या दुकानात मिळाले ते पुरुषांचे. उंच बाई तिथेच स्टुलावर बसून हसत सुटली, आणि वाटाडीलाही हसू आवरेना.

चौथ्या दिवशी मात्र मॉलच्या तळघरात, पिठांच्या फळीसमोर, तीच बाई ढसाढसा रडली. केकसाठी लागणारं पीठ कुठलं ते तिला ओळखू येत नव्हतं. वाटाडीला ठाऊक होतं, हे रडणं पिठासाठी नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुठल्या ना कुठल्या फळीसमोर बहुतेक सगळ्याच रडतात. तिने मुलीला कडेवर घेतलं, पाकीट हुडकून दिलं आणि म्हणाली, "मॅडम, तीन महिन्यांनी तुम्हीच दुसऱ्याला दाखवाल."

"मॅडम नको म्हणू," नाक पुसत उंच बाई म्हणाली. "मैत्रीण आहेस तू माझी. अगं-तुगं कर."

कामाचा आठवडा संपला, पण वाटाडीचं जाणं संपलं नाही. मुलीची पोहण्याची शिकवणी, जुन्या पुस्तकांचं दुकान, फुलांचा बाजार, पडदे शिवणारा शिंपी. रविवारमागून रविवार गेले. "आज सुट्टी ना तुझी?" नवरा विचारायचा. "मैत्रिणीकडे चाललेय," ती म्हणायची. तो शब्द बोलताना तिला बरं वाटायचं. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये तिचं स्वतःचं असं कुणी नव्हतं.

मग तिने उंच बाईला घरी जेवायला बोलावलं. घर म्हणजे दोन खोल्या, तिसरा मजला. सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलेलं. त्यांनी खिडकीला नवा पडदा शिवला. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर; त्याने शेजाऱ्यांकडून दोन दणकट खुर्च्या मागून आणल्या, कारण आपल्या खुर्च्यांत ती बाई मावणार नाही, असा त्याचा हिशेब. सकाळी सहापासून स्वयंपाक चालू. साडेबाराला फोन आला. मुलीला ताप आहे.

पोरांना ताप यायचाच. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा खुर्च्या आल्या, पुन्हा ताप आला. वर्षभराने तिसऱ्यांदा तेच. त्या दिवशी सासूबाई भरल्या ताटांकडे बघून म्हणाल्या, "पोर फारच नाजूक दिसतंय गं. या हवेत टेरिकॉट घालत असतील तिला." आणि डोळ्यांना नीट दिसत नसताना, आठ दिवस खपून, त्यांनी मऊ सुती फ्रॉक शिवला. खिशावर पिवळं बदक. वाटाडीने तो नेऊन दिला. उंच बाईने तिला मिठी मारली, आणि मुलगी मागे सायकल चालवत होती. तापातून उठलेली मुलं तुरुतुरु पळतातच, असं वाटाडीला वाटलं.

गेल्या महिन्यात साहेबांनी तिच्या टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा ठेवला. गुळगुळीत कागद, वर नदीचं चित्र. नव्याने येणाऱ्यांसाठी, 'पहिले शंभर दिवस'. लेखिका, उंच बाई.

"प्रत्येक कुटुंबाला एक द्यायची," साहेब म्हणाले. "काय झकास लिहिलंय! तुमचं काम निम्मं झालं बघा."

जेवणाच्या सुट्टीत तिने पुस्तिका उघडली. मॉलचं तळघर होतं, फळीच्या नंबरासकट. कुत्र्याचा डॉक्टर होता. शिंपी होता, आणि तो बुधवारी दुकान बंद ठेवतो हेसुद्धा. सगळं तिचंच. पण तिला राग नाही आला. उलट ऊर भरून आला. बोलता बोलता सांगितलेलं कुणीतरी इतकं जपून ठेवलं होतं. डबा तसाच राहिला.

अडतिसाव्या पानावर मथळा होता, 'माणसांशी वागताना'. खाली लिहिलं होतं: "कंपनीची मदतनीस बाई फार प्रेमळ आहे. ती तुम्हाला घरी जेवायला बोलावेलच. एकदा गेलात की सुटका नाही! सरळ नाही म्हणू नका, बिचारीचा चेहरा पडतो. मुलाला ताप आहे म्हणा. मला तीनदा लागू पडलं."

तिने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं नाही. डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, आणि बस पकडून उंच बाई दुपारी जायची त्या क्लबात थेट गेली.

दारातल्या वहीत नाव लिहावं लागे. पुढे दोन रकाने, 'पाहुणे' आणि 'कामासाठी'. पहारेकरी ओळखीचा होता; त्याने न विचारताच दुसऱ्या रकान्यात खूण केली.

उंच बाई तलावाकाठी दोघी-तिघींसोबत बसली होती. वाटाडीला बघून तिने हात हलवला. मग तिच्या हातातली पुस्तिका दिसली, आणि हात हळूहळू खाली आला. ती उठून बाजूला आली.

"अगं, गंमत म्हणून लिहिलं गं ते. तुझं नाव कुठे घातलंय?"

"कंपनीत मदतनीस बाई एकच आहे."

"तुला समजत नाहीये. पहिल्या वर्षी किती जणांनी बोलावलं आम्हाला! शेजारी, शाळेतले, ड्रायव्हर. सगळीकडे कसं जाणार? दमून गेले होते मी."

"मग नाही म्हणायचं."

"तुला नाही म्हणवलं नसतं मला." हे बोलताना बाईचे डोळे खरंच भरून आले. "तू इतकं केलंस माझ्यासाठी."

यावर काही बोललो तर आपणच तिची समजूत काढायला लागू, याची वाटाडीला भीती वाटली. अकरा वर्षांची सवय होती.

"माझ्या सासूबाईंनी तुमच्या मुलीसाठी एक वस्तू पाठवली होती," ती म्हणाली. "आठवतं का तुम्हाला?"

'तुम्हाला' ऐकून उंच बाई चपापली. मग घाईघाईने म्हणाली, "हो तर! ती उशी ना? फार सुरेख होती. अजून आहे आमच्याकडे."

"हं," वाटाडी म्हणाली, आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कुणीतरी कळवलं होतं. "क्लब ही काय अशी बोलायची जागा आहे? तुमच्यासारख्या समजूतदार बाईने? बरं, पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढून टाकू. झालं?"

"नका काढू साहेब," ती म्हणाली. "खोटं काय आहे त्यात?"

साहेबांनी पुस्तिकांचा आणखी एक गठ्ठा तिच्याकडे सरकवला, आणि तिने तो उचलला. नोकरी सोडायचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. पण नवऱ्याची कमर धरलेली, तो आणखी किती दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार, कुणास ठाऊक.

त्या रविवारी ती घरीच होती. सासूबाईंनी विचारलं, "आज मैत्रिणीकडे नाही? पोर बरं आहे ना तिचं?"

"बरं आहे. ती मंडळी गेली आई, आपल्या देशात. बदली झाली."

"जाताना भेटायला आली असेल."

"आली होती ना. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"चांगली माणसं हो," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा बटणांची काजं करायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात नवं कुटुंब आलं. नवरा-बायको, दोघं तरुण. वाटाडीने पुस्तिका दिली, सगळं दाखवलं. वेळेवर आली, वेळेवर गेली. विचारलं तेवढं सांगितलं, आणि न विचारलेलं काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ती नवी बायको औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडायला लागली. वाटाडी बाजूला उभी राहिली, घड्याळाकडे न बघता, पण हातही न लावता. रडणं थांबल्यावर म्हणाली, "चला, बँक चारला बंद होते."

आठवड्याअखेर साहेबांनी अभिप्राय वाचून दाखवला. पैकीच्या पैकी गुण. "शिस्तीचं काम, असं लिहिलंय बघा. यापूर्वी असं कुणी लिहिलं नव्हतं." साहेब खूश होते. ती आधीपेक्षा कमी काम करते आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

रविवारी नवरा म्हणाला, "चल, बाहेर जाऊ. तुला तर अख्खं शहर पाठ. सांग, कुठे जायचं?" तिने खूप आठवून पाहिलं. शेवटी दोघं नदीकाठच्या बागेत गेली.

हिरवळीवर ती नवी जोडी चादर पसरून बसली होती. बायकोने तिला पाहिलं आणि ताडकन उठून हाका मारायला लागली. "इकडे या ना! आमच्यात बसा! यांची तरी ओळख करून द्या!" चादरीवरच्या पिशव्या भराभर सरकवून तिने जागाही केली.

"आज सुट्टी आहे माझी," वाटाडी म्हणाली, आणि नवऱ्याचा दंड धरून चालू लागली.

बरंच पुढे गेल्यावर नवरा म्हणाला, "मनापासून बोलावत होती गं ती."

"असेल," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. ती मुलगी अजून उभीच होती, चादरीच्या कडेला, एक पिशवी हातात धरून. त्याने ते बायकोला सांगितलं नाही.