पाचपैकी पाच

थोरली धाकट्या जावेला पाण्यात पाहायची, हे घरात सासूबाईंना ठाऊक होतं आणि कोर्टात शिपायालासुद्धा. का नाही पाहणार? बावीस वर्षं थोरलीने कोर्टाच्या नोटिसा लिहिल्या. धाकटी कालपरवापर्यंत प्रौढांना वाचायला शिकवत होती, आणि आली ती थेट शेजारच्या टेबलावर! वर साहेब म्हणाले, घरबसल्या ऑनलाइन तंटा मिटवायची सोय निघतेय, तिचं सोप्या भाषेतलं पान दोघींनी वेगवेगळं लिहा. जिचं पान लोकांना जमेल, तिचं सगळीकडे लागेल आणि तीच विभागाची प्रमुख होईल. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

चाचणी साधी होती, प्रत्येक पानाला पाच माणसं. बाहेरचा माणूस कॉम्प्युटरसमोर बसवायचा आणि त्याला खोटा तंटा द्यायचा: शेजाऱ्याच्या नळाने तुमची भिंत भिजली, तक्रार करा. आपण बाजूला बसून तो कुठे अडतो ते लिहायचं. नियम एकच, तोंडात मिठाची गुळणी. त्याने काही विचारलंच, तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. जुनीजाणती म्हणून दहाही जणांशेजारी थोरलीच बसली.

धाकटीच्या पानावर एक सुतार बसला. मध्येच थांबला.

"बाई, हे पुढं दाबू का?"

"तुम्हाला काय वाटतं?" थोरली गोड आवाजात म्हणाली आणि वहीत लिहिलं, 'अडला'. अडू दे मेला! पण मेला अडेना. पान वर सरकवून पुन्हा वाचलं, "अच्छा, फोटो नंतर दिला तरी चालतोय," असं पुटपुटला आणि तक्रार पाठवून मोकळा झाला. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी पुढे पाचातले दोघं अडलेच, देव पावला.

मग थोरलीचं पान. 'पुरावे जोडा' हे शब्द येताच शिंपीणबाईंनी हात मांडीवर घेतले. "माझ्याकडे तर कागदच नाही," म्हणत त्या उठायलाच लागल्या. "हं," थोरली म्हणाली. शिंपीणबाई परत बसल्या, खालचं बटण दाबलं, झालं काम. बाकीचे चौघंही असेच पार पडले. पाचपैकी पाच! घरी सासूबाईंना तिने हा आकडा दोनदा ऐकवला.

चाचणीचा व्हिडिओ पाहून सगळं टाइप करायचं काम धाकटीकडे होतं. दुसऱ्या दिवशी तिने थोरलीला आत बोलावून दार लावलं.

"ताई, हे बघा."

शिंपीणबाई उठतायत, आणि थोरलीचं बोट खालच्या बटणाकडे. मग तिच्यानंतर बसलेला एक ड्रायव्हर, पुन्हा तेच बोट. पाचही वेळा. आपण हे केलंय, हे थोरलीला खरोखर ठाऊक नव्हतं.

"जा, दाखव साहेबांना. वाटच बघत होतीस ना?"

"दाखवायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? पण ताई, पान सगळीकडे लागल्यावर घरोघरी शेजारी कोण बसणार? अहवाल तुम्हीच लिहायचाय. काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा."

एवढं बोलून ती बाहेर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं! थोरलीने मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या, आणि शिंपीणबाईंचा व्हिडिओ पुन्हा लावला. कागद नाही म्हणजे कोर्ट आपल्यासाठी नाही, असं समजून ती बाई निघाली होती. थोरलीचेच शब्द वाचून.

तिने अहवाल लिहिला. 'धाकटीचं पान: पाचपैकी तीन. माझं: पाचपैकी शून्य. प्रत्येकाला मी मदत केली.' पुन्हा न वाचता पाठवून दिला.

धाकटी दोन कप चहा घेऊन आली.

"आता तुला मॅडम म्हणायचं का?" थोरलीने विचारलं.

"काहीतरीच काय, ताई!" धाकटी म्हणाली. आणि ती ते इतक्या मनापासून म्हणाली, की थोरलीला रडूच कोसळलं.