शुक्रवारी उकळणारी मोटार

मी एक जुनी सर्व्हिस मोटार आहे, मित्रांनो. महाडात महिपतीशेटांच्या घरामागे उभी असते. माझ्या बैठकांवर आता कोंबड्या अंडी घालतात आणि कोणती कोंबडी कोणाचं अंडं फोडते, यावर माझी बारीक नजर असते. स्वभावाला औषध नाही. मी जन्माचीच संशयी.

माझा सांगाडा बोटीतून मुंबईला आला. तिथल्या सुतारांनी त्यावर लाकडी बैठका बसवल्या, वर कापडी टप चढवला. सन एकोणतीसमध्ये शेटांनी मला महाडात आणलं. रोज सकाळी महाडाहून पोलादपूर आणि संध्याकाळी परत, हे माझं काम. पोरं भोंगा ऐकून रस्त्यावर धावत येत आणि म्हातारी माणसं हात जोडत. मला ते फार आवडायचं. पण उतरताना माझ्या बैठकीचं फडकं कोण खिशात घालतो, तेही मी बघायचे.

माझा ड्रायव्हर सहदेव. शेटांची बायको प्रयागबाई मला मोटार मानायच्याच नाहीत, देवी मानायच्या. दर शुक्रवारी सकाळी त्या मला हळदकुंकू लावत, नारळ ठेवत आणि पुढे पुढे तर माझ्या तोंडावरच्या पितळी जाळीवर खणही बांधू लागल्या. देवीची ओटीच ती. संध्याकाळी मी परतले की दिवा ओवाळून ती उतरवायची. मधे कोणी हात लावायचा नाही. मी तर फुगून जायचे.

आणि तिसऱ्या वर्षी माझं ते दुखणं सुरू झालं. महाडापासून दोन कोसांवरच्या चढावर मी उकळायचे. पाण्याच्या टाकीच्या टोपणातून वाफ फुसफुसायची, इंजीन धडधडत बंद पडायचं आणि माणसं उतरून झाडाखाली बसायची. पण कधी? फक्त शुक्रवारी. शनिवारी तोच चढ मी गार पाण्याने चढायचे.

सहदेवाने पाणी बघितलं, काठोकाठ. पंख्याचा पट्टा ताणून बघितला, रबरी नळी चिमटून बघितली, सगळं ठीक. शनिवारी महाडचा मिस्त्री आला. त्याने तासभर मला गुरगुरत उभं केलं, मी शहाण्यासारखी वागले. "गाडीला काय नाय झालं," तो म्हणाला आणि सहदेवाकडे असा बघू लागला की मलाही सहदेवाचा संशय आला. हा शुक्रवारी काही खोड्या करतो की काय? मग वाटलं, मिस्त्रीच लबाड. मग वाटलं, पोलादपूरच्या विहिरीचं पाणीच वाईट.

शेवटी सगळ्यांना एक माणूस सापडलं. राहीबाई.

राहीबाई दर शुक्रवारी सुक्या मासळीची पाटी घेऊन पोलादपूरला विकायला जायची. मागच्या कोपऱ्यात बसायची, पाटीवर हात ठेवून. तिचे गुडघे गेलेले. मी नसते, तर सहा कोस डोक्यावर पाटी घेऊन चालणं तिला झेपलं नसतं, आणि धंदाच बसला असता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं झालं. देवीचा वार, देवीची मोटार आणि आत बोंबलांचा वास. लोक कुजबुजले, मग उघड बोलले. आणि मित्रांनो, लाज वाटते पण सांगते, मलाही ते पटलं. तिची पाटी चढली की माझं नाक चोंदल्यासारखं व्हायचं. मी तेही तिच्याच खात्यावर टाकलं.

प्रयागबाईंनी देवीची समजूत घालायला खणाऐवजी अख्खं लुगडं आणलं. माझ्या पुढच्या दोन दिव्यांच्या मधे, जाळीवर चार घड्या करून ताणून बांधलं. त्या दिवशी तर मी चढाच्या पायथ्याशीच उकळले.

पुढच्या शुक्रवारी शेटांनी राहीबाईला पायरीवरच अडवलं.

"आजपासून तुला गाडीत जागा नाही."

"माज्या मासळीनं पाणी उकळतं, शेट?"

"लोक म्हणतात."

राहीबाईने पाटी डोक्यावर घेतली. "बरं," म्हणाली आणि चालू लागली. मी भरून निघायला दीड तास होता. मला हायसं वाटलं. आज मी कशी टेचात चढते, ते बघा म्हटलं.

चढाच्या मध्यावर मी उकळले. कधी नव्हे इतकी उकळले.

आतल्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली. राहीबाई तर गाडीत नव्हती. पण संशयाला पाय फुटायला किती वेळ लागतो? पुढे वळणावर ती पाटी टेकवून गुडघे चोळत बसलेली दिसली. "बघा, म्हणजे तिनंच वाट ओलांडली," मागून भागोजी नावाचा उतारू बोलला.

राहीबाईने ते ऐकलं. ती लंगडत खाली आली, भागोजीकडे वळलीसुद्धा नाही. थेट माझ्या तोंडासमोर उभी राहिली.

"सहदेवा, हिच्या तोंडावर लुगडं कशाला रे?"

"ओटी हाय ती. शेटाणीबायनं बांधलीय."

"कधी बांधतात?"

"शुक्रवारी." हे बोलताना सहदेवाचा आवाज मधेच बारीक झाला.

"सुकटीवर गोणपाट टाकलं, तर वारा लागत नाय. माल घामतो, मग कुजतो. हिला नाय वारा लागत? ही जाळी कशाला ठेवलीय मग?"

कोणी पुढे झालं नाही, ओटीला हात कोण लावणार? राहीबाई म्हणाली, "माज्यावर आळ हाय तो हाय, आणखी एक घाला." तिने पदराला हात पुसले, नारळ काढून सहदेवाच्या हाती दिला, लुगडं सोडलं, कपाळाला लावलं आणि घडी करून पुढच्या बैठकीवर ठेवलं.

माझ्या जाळीतून वारा आत शिरला. नाक मोकळं झालं. इतके महिने माझा श्वास माझ्याच मानाच्या लुगड्यात कोंडला होता आणि मी बोंबलांना नावं ठेवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला निवू दिलं, पाणी घातलं. मी चढ चढले. सहदेव म्हणाला, "चल गो काकी, बस." तिने मान हलवली. "जागा नाय म्हणाले ना शेट? ते बोलवतील तवा बसेन."

ती चालतच आली. तिला पोलादपूरला पोचायला दुपार झाली. मी झाडाखाली गार उभी होते आणि तिला येताना बघत होते. मला माफी मागता येत नाही, मित्रांनो, मला फक्त भोंगा आहे, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

सहदेवाने चढावरची सगळी हकीकत घरी सांगितली होती. पुढच्या शुक्रवारी प्रयागबाई तेच लुगडं घेऊन बाहेर आल्या. माझ्यापाशी थांबल्या नाहीत. रस्त्याच्या कडेने पाटी घेऊन निघालेल्या राहीबाईला हाक मारायला त्यांनी शेटांना लावलं, मग तिला पुढच्या बैठकीवर बसवलं आणि तिची ओटी भरली. खरं सांगते, मला थोडा हेवा वाटला. पण त्या दिवशी मी उकळले नाही, पुन्हा कधीच नाही.

आता माझ्या जाळीवर दोडक्याचा वेल चढतो. राहीबाई फार थकली आहे. तरी कधी शेटांकडे आली की मागे येते आणि वेल बाजूला सारते. मला आता वाऱ्याचा काही उपयोग नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी सारते.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती. तुमचं काही बिघडलं आणि कोणाकडे तरी बोट दाखवावंसं वाटलं, तर आधी आपल्या तोंडावर आपण काय मिरवतो आहोत, ते बघा. आणि कोणाला पायरीवरून उतरवलं असेल, तर ते आपणहून चढतील म्हणून वाट बघू नका. त्यांना हाक मारा.